बाबांचा चेक आणि सरकारची माफी

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांची, न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे. मास्टर्ससाठी फेडरल सरकारचं 52 हजार डॉलर कर्ज घेतलं होतं. सार्वजनिक सेवेतल्या नोकरदारांसाठी 'पीएसएलएफ' नावाची कर्जमाफी आहे, तिच्या 120 हप्त्यांपैकी माझे 105 झाले. आणखी 15 भरले की उरलेलं माफ. हप्ता पगाराच्या प्रमाणात (सध्या 340 डॉलर), त्यामुळे इतकी वर्षं व्याजही पुरतं फिटलं नाही. बाकी आज 54 हजार आहे.

बाबा 72 वर्षांचे, निवृत्त इंजिनिअर. आई गेल्यापासून इथल्याच एडिसन गावातल्या घरात एकटेच असतात. मंडळाच्या गणपतीत चारचौघांत म्हणाले, "आमची कन्या अमेरिकेत येऊनही कर्जमाफीच्या रांगेत!" सगळे हसले. मीही हसले, आणि मग पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. "मी कुणाचा एक पैसा बुडवला नाही," हे त्यांचं पालुपद. मग सांगलीला इंजिनिअरिंग करताना ई.बी.सी.च्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून मामलेदार कचेरीच्या पायरीवर दोन दिवस बसले होते, ती गोष्ट येतेच.

आता म्हणतात, सगळं कर्ज मी एका चेकने फेडतो, तू अपार्टमेंट सोड आणि घरी राहायला ये. भाऊ म्हणतो, घेऊन टाक. त्याने स्वतःचं कर्ज पै न पै फेडलंय, त्याचाही माझ्यावर थोडा राग आहे. माफी घेणं खरंच लबाडी आहे का?

उत्तर : कर्जमाफी म्हटलं की मला आमच्या शाखेचा नोटीस बोर्ड आठवतो. मी बँकेत शेतीकर्ज बघायचे. 2008 साली केंद्राची माफी आली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ, आणि लाभार्थ्यांच्या याद्या शाखेत लावायच्या. यादी लागली त्या सकाळी एक म्हातारे शेतकरी काउंटरशी आले. "बाई, मी दिवाळीआधी बायकोची पाटली मोडून भरले. माझं काय चुकलं?" मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. म्हणून तुझ्या भावाचा राग मी खोटा म्हणणार नाही.

पण तुझी माफी त्या जातीची नाही. ती माफी कर्ज घेताना कुणाला ठाऊक नव्हती. तुझी 2007 च्या कायद्यात लिहिलेली आहे: दहा वर्षं सार्वजनिक सेवेत राहा, 120 हप्ते भरा, उरलेलं आम्ही सोडतो. तू तुझी बाजू पाळते आहेस. याला करार म्हणतात. बायडेन यांनी बहुतेक कर्जदारांचे 10 हजार डॉलर (पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांची सरकारी मदत, घेतलेल्यांना 20 हजारांपर्यंत) माफ करायला घेतले आणि सुप्रीम कोर्टाने जून 2023 मध्ये ते रद्द केले, तो वाद वेगळा. कॉलेजची पायरी न चढलेल्या सुताराने पदवीधराचं कर्ज का उचलावं, हा प्रश्न तिथे रास्तच होता. भावाशी बोलताना मात्र एक लपवू नकोस: कोविडमध्ये साडेतीन वर्षं एक डॉलर न भरताही ते महिने मोजले गेले. तेवढी सूट तुला मिळालीच आहे.

आता बाबा. अगं, ई.बी.सी. म्हणजे फीमाफीच की! घरचं उत्पन्न कमी म्हणून सरकारने सोडलेली फी. पायरीवर बसून मिळवली, म्हणून त्यांना ती हक्काची वाटते. तुझे फॉर्म तू घरबसल्या भरतेस, म्हणून ती खैरात! हे मंडळात त्यांच्या तोंडावर फेकू नकोस, एवढं मात्र ऐक. घरी दोघंच असताना, चहा करून, विचार: "बाबा, तेव्हा तुमची फी कोणी भरली?" आणि गप्प बस. ते कबूल करतील अशी आशा धरू नकोस. बहात्तराव्या वर्षी माणूस आपली ठरलेली गोष्ट सहसा बदलत नाही. पुन्हा चारचौघांत बोलले तर हसू नकोस. "हे घरी बोलू" म्हण आणि उठून जा. तुझ्या हसण्याने त्यांना वाटतं, चाललंय ते ठीकच चाललंय.

चेक घेऊ नकोस. पंधरा हप्ते म्हणजे 5,100 डॉलर. तेवढ्यासाठी 54 हजार भरायला निघालेलं गिऱ्हाईक मी काउंटरवरून परत पाठवलं असतं. शिवाय सरकारच्या अटी कागदावर आहेत, त्या संपतात. बाबांची आज एकच अट आहे. उद्या किती वाजता घरी यायचं इथपर्यंत जाईल. ते एकटे आहेत हे खरं. त्यासाठी रविवारी जेवायला जा, चार दिवस राहून ये, पण अपार्टमेंटची किल्ली तुझ्याकडेच ठेव.

आणि 105 हा आकडा तुझ्या वहीतला की सरकारच्या नोंदीतला? योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक अर्ज नाकारले गेले, त्यात कागदांच्या चुकांचा वाटा मोठा होता. तू तिथे नोकरीला आहेस असं सांगणारा, शाळेच्या सहीचा यंदाचा फॉर्म गेला नसेल, तर बाबांशी बोलण्याआधी तो पाठव.