इंग्लंडमधलं सेझिंकोट हाऊस ही ताजमहालाची नक्कल आहे का? मुद्दाम बघायला जावं का?

जा, नक्की जा. पण ताजची नक्कल म्हणू नका, प्लीज. हेच वाक्य आमचे मोठे दीर बोलले होते आणि ते मला अजून लागतं.

आम्ही ग्लॉस्टरशरमधल्या मोरेटन-इन-मार्श या गावाजवळ राहिलो होतो, तिथून हे घर अगदी जवळ. गेटपाशी दीर म्हणाले, ईस्ट इंडिया कंपनीच्या लुटीचं घर, ताजची कॉपी, त्यात काय बघायचं? आणि गाडीतून उतरलेच नाहीत. मी एकटी आत गेले. बागेत एक पूल लागतो, कठड्यावर नंदी बसवलेत, खालून ओढा वाहतो आणि पाण्यात पाय ठेवायला दगड टाकलेत, त्यांवरून तोल सांभाळत पुलाखाली गेले तर समोर ते बुटके, जाड खांब. मी उरणची हो. दर महाशिवरात्रीला आजीचा हात धरून होडीने घारापुरीला जायचो, ते खांब मला वेगळे ओळखावे लागत नाहीत. दगड ओला होता, शेवाळलेला, मी हात लावून उभी राहिले आणि रडू आलं.

हा पूल थॉमस डॅनियल या चित्रकाराने डिझाइन केलेला. तो 1793 मध्ये पुतण्याबरोबर मुंबईकडे आला होता, घारापुरी, कान्हेरीची लेणी स्वतः बघून त्याने चित्रं काढली. म्हणजे खांब ऐकीव नाहीत.

घर 1805 च्या सुमाराचं, चार्ल्स कॉकरेलचं. आर्किटेक्ट त्याचाच भाऊ सॅम्युअल. वर तांब्याचा कांद्यासारखा घुमट, आता हिरवा पडलेला, कोपऱ्यांवर छत्र्या म्हणजे छोटे घुमटी मंडप आणि भिंतीबाहेर आलेला खोल छज्जा, ही सगळी मुघल धाटणी. ताजसारखी मकबऱ्याची मांडणी कुठेच नाही, हे राहायचं घर आहे, आणि आत गेलात तर चक्क इंग्रजी जॉर्जियन खोल्या. 1807 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स इथे येऊन गेला, ब्रायटनमधल्या त्याच्या राजवाड्याला, रॉयल पॅव्हेलियनला, हे भारतीय वळण लागलं त्यात या भेटीचा वाटा मानतात.

पैसा कंपनीचाच, बंगालमधल्या नोकरीत कमावलेला, तेवढं दिरांचं खरं आहे आणि मी ते कधी नाकारलं नाही. पण म्हणून आपल्या लेण्याचा खांब बघायचाच नाही? उलट आपणच जाऊन बघायला हवा, ओळखणारं दुसरं कोण आहे तिथे.

घर खाजगी आहे, ग्रेड वन लिस्टेड म्हणजे सर्वोच्च दर्जाची संरक्षित वास्तू, ठरावीक दिवशीच उघडतं, वेळा वेबसाइटवर बघून घ्या. आणि बूट घसरणारे नकोत, पुलाखाली जायचंच आहे तुम्हाला.