पुस्तकं आवडतात म्हणून लायब्ररी सायन्स?

तुझं पत्र वाचलं. इतिहासात बीए झालंय, आता लायब्ररी सायन्समध्ये मास्टर्स करायचंय कारण पुस्तकं आवडतात आणि काम शांत असतं, आणि बाबा म्हणतात गूगल असताना ग्रंथपाल लागतो कोणाला. बाबांचं नंतर बघू, मला तुझ्याच कारणाची जास्त काळजी वाटतेय.

शांत वगैरे काही नसतं गं. समज एक बाई काउंटरला येऊन म्हणाल्या, हार्टवरचं पुस्तक द्या. ड्युई पद्धतीत, म्हणजे विषयाप्रमाणे नंबर देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, हृदय चालतं कसं ते ६१२.१७ ला आणि हृदयाचे आजार ६१६.१२ ला, म्हणजे पहिलाच प्रश्न कुठल्या कपाटाकडे वळायचं, आणि जरा बोलतं केल्यावर कळतं की नवऱ्याची बायपास ठरलीय, डॉक्टर काय बोलले ते डोक्यावरून गेलंय आणि त्यांना पुस्तक नकोच आहे, सोप्या भाषेतली चार पानं हवीयत. चौकशा करतोय असं वाटू न देता हे काढून घ्यायचं, याला रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात, आणि हो, तो चक्क शिकवतात.

माणसांचा कंटाळा असेल तर कॅटलॉगिंग, मेटाडेटा आहे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करायचं काम. तिथे मार्क (MARC) नावाच्या, कॉम्प्युटरला वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये १०० नंबरच्या रकान्याला लेखक, २४५ ला शीर्षक, ६५० ला विषय असं भरत बसायचं, आणि एकाच लेखकाचं नाव तीन स्पेलिंगनी पडलं की वाचकाला त्याची निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत. किचकट आहे, पण ज्याला जमतं त्याला जाम आवडतं. हा मार्क १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी उभा केला, आणि त्या मुळात प्रोग्रामर! कॉम्प्युटर या धंद्यात गूगलच्या कितीतरी आधीपासून आहे, हे बाबांना सांग.

पण बाबा अगदीच चुकीचे नाहीत. पर्मनंट जागा कमी, काँट्रॅक्टच्या बऱ्याच, आणि सगळ्या काही ग्रंथपाल या नावाने निघत नाहीत, अर्काइव्ह, रेकॉर्ड्स, रिसर्च डेटा, डिजिटल रिपॉझिटरी असं पण शोधावं लागतं. म्हणून मोठं कर्ज काढून ही डिग्री करू नकोस. अ‍ॅडमिशनआधी एवढंच बघ की जिथे नोकरी करायचीय तिथे ती डिग्री चालते का, अमेरिकेत बऱ्याच जागांना एएलएची, म्हणजे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची, मान्यता असलेलीच मास्टर्स मागतात. आणि इंटर्नशिप आहे का ते विचार, नसेल तर मी तरी तो कोर्स घेणार नाही.

फॉर्म भरायच्या आधी एक कर. कोहा नावाचं लायब्ररी सॉफ्टवेअर फुकट आहे, १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीसाठी बनलं, लिनक्सवर चालतं, कोणाची तरी मदत घेऊन टाकून घे. घरातली पन्नास पुस्तकं त्यात नीट भर, विषयासकट. विसाव्या पुस्तकाला जांभई आली की अजून दहा करावीशी वाटली, ते मला कळव.