भाच्याच्या टाचा टेकत नाहीत, पोटऱ्या फुगल्यात. हा वात आहे की आनुवंशिक आजार?

मी वर्धा जिल्ह्यात फिजिओथेरपी करतो. भाऊ, तुम्ही लिहिलंय की भाचा सहा वर्षांचा आहे, चवड्यांवर चालतो, मांड्यांवर हात टेकत उठतो. यकृताच्या रक्त तपासणीत एसजीपीटी वाढलं म्हणून काविळीचं औषध सुरू झालंय.

आधी त्या काविळीचं बघू. एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंतही असतात, स्नायू झिजले की रक्तात उतरतात. डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन बरोबर आहे, मग सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी रक्त तपासणी करा. एरवी ते २०० च्या आसपास किंवा खाली असतं, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात हजारोंच्या घरात जातं. तुमच्या वर्णनावरून मला शंका त्याचीच येते. पक्कं निदान जनुक तपासणीने होतं आणि त्याला रक्त पुरतं. कोणी स्नायूचा तुकडा काढू म्हणालं तर आधी ही तपासणी मागा.

आखडणं आधी की अशक्तपणा, हे घरच्यांना नीट विचारा. ड्युशेनमध्ये ताकद आधी जाते, घोटे मागाहून आखडतात. एमरी-ड्रायफस या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्याच दुसऱ्या प्रकारात हातापायांत बऱ्यापैकी जोर असतानाच कोपर, टाचा आणि मान आखडतात. त्यात पुढे हृदयाचे ठोके मंदावतात, पेसमेकरही लागतो. ईसीजी आणि इको मात्र दोन्हींत हवाच.

तेल लावा, हरकत नाही. पण जोर लावून रगडणं आणि ताकद यावी म्हणून उठाबशा बंद. टाचेला रोज हळुवार ताण आणि रात्री स्प्लिंट, एवढं तरी सुरू करा. टाचेची शीर मोकळी करायचं ऑपरेशन घाईने करू नका. चवड्यांवर तो तोल सांभाळतोय, तोच गेला तर पोरगं बसतं. निदान झाल्यावर डॉक्टर स्टेरॉइड सुचवतील. आजार जात नाही, पण चालणं काही वर्षं टिकतं. ते मनाने अचानक थांबवायचं नाही, जिवावर बेतू शकतं.

तुमच्या होणाऱ्या बाळाचं विचारलंत. ड्युशेनचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुरुषाकडे एक्स एकच. तो दोष तुमच्याकडे असता तर लहानपणीच दिसला असता, म्हणजे तुमच्याकडून बाळाला तो जात नाही. बायकांकडे एक्स दोन, म्हणून धाकट्या बहिणीत तो लपून असू शकतो; तिची तपासणी मात्र बाळंतपणाआधी करा. सासरचे ताईला बोल लावतात ना? साधारण तीनातल्या एका मुलात हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईकडून आलेलाच नसतो. उरलेल्यांतही आईने काही केलेलं नसतं. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमचं ऐकणार नाहीत.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. तिथून नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला जा. निदान झालं की यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज करा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे.