साखर न घालता ओट्स आणि फळांचे बार घरी कसे बेक करायचे? मुलांच्या नाश्त्याला हवेत, पण प्रत्येक वेळी भुगा होतो

साखर लागतच नाही हो, चिकटपणा केळं आणि खजूर देतात. २ कप रोल्ड ओट्स घ्या, इन्स्टंटवाले नको, त्यांचा लगदा होतो. ३ मध्यम केळी, साल काळी पडायला आलेलीच (गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयडे गावची पिकलेली केळी मिळाली तर ती मोठी असतात, दीड-दोन पुरतील), कुस्करून त्यात १० खजूर गरम पाण्यात भिजवून वाटलेले, २ चमचे खोबरेल तेल म्हणजे खायचं हां, वेलची, चिमूटभर मीठ आणि मूठभर काजूची भरड. लहान पोरं असतील तर अख्खे काजू अजिबात नको, घशात अडकतात.

भुगा होतो तो दाबण्यात कमी पडल्यामुळे. बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये मिश्रण वाटीच्या बुडाने दाबत जा, कोपऱ्यात तर जास्तच, वर कुठे भेग दिसता कामा नये. मग १८० डिग्रीवर २५-३० मिनिटं, कडा तांबूस झाल्या की बाहेर. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका, मुलं कितीही मागे लागू देत!

आंबा घालायचा असेल तर रस आधी आटवून घ्या नाहीतर आतून ओलेच राहतात. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, बाहेर ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, त्यामुळे सरळ फ्रीजमध्ये, ३-४ दिवस आरामात टिकतात. माडाचा गूळ घातला तर चव भारी येते पण तीही साखरच, उगाच हेल्दी म्हणून जास्त ओतू नका.