दोघं भाऊ एकाच गाडीवर
तुम्ही दोघं भाऊ एकाच ट्रकवर ड्रायव्हर म्हणून चढताय, तर हिशेबाची वही पहिल्या खेपेपासूनच ठेवा. डिझेल, टोल, पंक्चर, हमाली, सगळं त्याच रात्री लिहायचं. मी आणि थोरल्यानं 2 वर्षं तोंडी हिशेब ठेवला. शेवटी एका टायरच्या पैशांवरून महिनाभर अबोला. केबिन तेवढीच, आणि बोलायचं नाही! फार वाईट दिवस होते ते.

हेवी लायसन्स दोघांकडेही हवं. वय 20 पूर्ण आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं असल्याशिवाय ते निघत नाही. तोवर धाकट्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नकोस. कसारा घाट उतरताना खालचा गिअरच, न्यूट्रल कधीच नाही. आणि लायसन्स निघाल्यावर धाकटा मागे झोपला असेल तर झोपू दे रे, गाणी बंद कर. पहाटे 3 ला गाडी त्यालाच चालवायची आहे.