वाचकांची विचारणा : तंबू भाड्याने देण्यापूर्वी

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन असून तीत भात आणि आंब्याची काही झाडे आहेत. मी आणि माझी पत्नी पुण्यात नोकरी करतो. तेथे सहा डोम (घुमटाकार) तंबू उभारून ग्लॅम्पिंगसाठी, म्हणजे सर्व सुखसोयींच्या तंबूतील मुक्कामासाठी, भाड्याने द्यावेत, असा विचार आहे. आता मागणी नोंदवल्यास 31 डिसेंबरच्या गर्दीतच खर्चाचा मोठा भाग वसूल होईल, असे तंबूंच्या पुरवठादाराचे म्हणणे आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : तंबूंची मागणी तूर्त नोंदवू नये. या व्यवसायात तंबू ही सर्वांत सहज मिळणारी वस्तू आहे. अडते ते जमिनीचे कागद, रस्ता, पाणी आणि शौचालय यांवर.

प्रथम ताजा सातबारा काढून त्यावरील सर्व नावे आणि इतर हक्कांतील नोंदी वाचाव्यात. जमीन वडिलोपार्जित असल्याने चुलते, आत्या किंवा बहिणी यांची नावे त्यावर असण्याची शक्यता आहे, आणि आज ‘करा की, आमची काय हरकत’ म्हणणारे नातेवाईक व्यवसाय चालू लागल्यावर हिस्सा मागतात, हा अनुभव पुणे जिल्ह्यात नवा नाही. म्हणून सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आधीच घ्यावी. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) अशी नोंद असल्यास वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून जात असेल, तर आज बैलगाडीला वाट देणारा शेजारी शनिवारी रात्री येणाऱ्या मोटारींना ती देईलच असे नाही. त्याच्याशी आताच बोलून लेखी ठरवावे.

कापडी तंबू तात्पुरता असला, तरी त्याखालचा काँक्रीटचा चौथरा, विटांचे शौचालय आणि सेप्टिक टँक हे बांधकामच आहे. आपला गट पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येत असल्यास तेथे आणि तहसील कार्यालयात, जमिनीच्या अकृषिक वापरासह कोणत्या परवानग्या लागतील, हे लेखी विचारावे. गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहे का आणि जमिनीला वनहद्द लागते का, हेही त्याच वेळी तपासावे. आपली शेती प्रत्यक्ष चालू असल्याने राज्याच्या 2020च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याचा मार्ग आपण अवश्य पाहावा. भातखाचरे बुजवून तेथे हिरवळ लावण्याचा मोह मात्र टाळावा. शहरातून येणाऱ्या पाहुण्याला हिरवळ सोसायटीच्या आवारातही मिळते.

आता हिशेब. जून ते सप्टेंबर हे चार महिने वगळले तर वर्षात सुमारे 35 शनिवार-रविवार उरतात, म्हणजे शुक्रवार आणि शनिवार मिळून 70 रात्री. मधल्या वारी तंबू बहुधा रिकामेच राहतील, असे धरून चालावे. सहाऐवजी तीन तंबूंनी सुरुवात केली, एका रात्रीचे भाडे 5,000 रुपये ठेवले आणि या रात्रींपैकी 60 टक्के भरल्या, असे समजल्यास 126 मुक्काम आणि 6,30,000 रुपये जमा होतात. त्यातून राखणदाराचा व स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा बारमाही पगार, चादरींची धुलाई, टँकर, महावितरणचे बिल, आरक्षण करून देणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन आणि फाटलेल्या कापडाची दुरुस्ती वजा करावी. पुरवठादाराच्या हिशेबात यांपैकी किती बाबी धरल्या आहेत, हे त्याला जरूर विचारावे. 31 डिसेंबर वर्षातून एकदाच येतो. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. पुढे नोंदणी करावी लागल्यास, दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या निवासावर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के दर आहे. मात्र त्यात तंबू-गाद्यांच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

खर्चात हात आखडता घ्यायचा असेल तर तो सजावटीत घ्यावा, शौचालयात घेऊ नये. जास्त भाडे देणारा पाहुणा ते प्रामुख्याने स्वच्छ, खाजगी आणि गरम पाण्याच्या न्हाणीघरासाठी देतो. मुळशीत अनेक ठिकाणी हातभर मातीखाली काळा पाषाण लागतो आणि तेथे शोषखड्ड्यातले पाणी मुरत नाही. म्हणून योजलेल्या जागी आधी खड्डा खणून, तो पाण्याने भरून, पाणी किती वेळात उतरते ते पाहावे, आणि तेही ऐन पावसाळ्यात, कारण एप्रिलमध्ये कोरडी जमीन सगळेच पिऊन टाकते. विहीर किंवा ओढा खड्ड्यापासून दूर आणि चढाच्या बाजूस असावा.

डोमविषयी एक सूचना. डिसेंबरच्या पहाटे श्वासांतील बाष्प डोमच्या पीव्हीसी (प्लॅस्टिक) आवरणाच्या आतल्या बाजूस साचते आणि थेंब थेट पांघरुणावर पडतात. दुपारी तोच डोम भट्टीसारखा तापतो. आतून कापडी अस्तर आणि माथ्याला उघडझाप होणारा झरोका नसलेला डोम स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये. थंडी आहे म्हणून शेकोटीतले निखारे किंवा कोळशाची शेगडी कोणी तंबूत नेणार नाही, हे राखणदाराने रोज रात्री स्वतः पाहावे. बंद तंबूत धुमसणाऱ्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो आणि त्याला वास नसतो. मण्यारही रात्री झोपलेल्या माणसाला चावते. तेव्हा खाटा उंच असाव्यात, तंबूच्या कडेला फट नसावी आणि सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन जवळ कोठे मिळते, हे राखणदाराला तोंडपाठ असावे.

प्रश्न : पवना धरणाच्या अगदी काठावरची जागा 11 महिन्यांच्या कराराने मिळत आहे. समोर पाणी आणि मागे तुंगचा किल्ला, असे दृश्य आहे. भाडेही कमी आहे. घ्यावी का? (एक वाचिका, पिंपरी)

उत्तर : भाडे कमी का आहे, याचा शोध आधी घ्यावा. धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन ही संपादित जमीन असते; जलसंपदा विभाग ती गाळपेरीसाठी (ओसरलेल्या पाण्याखालच्या गाळात पीक घेण्यासाठी) तात्पुरती कसायला देऊ शकतो, परंतु ज्याला ती कसायला मिळाली त्याला ती तंबूंसाठी पोटभाड्याने देण्याचा अधिकार मिळत नाही. असे तंबू अतिक्रमण ठरतात आणि कारवाई होते तेव्हा तंबू आपले जातात, जागा देणाऱ्याचे काहीच जात नाही. पवनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन अनेक दशके रेंगाळलेले असल्याने काठावर कोण कशाच्या आधारे जागा देतो, हे त्याच्या बोलण्यावरून ठरवू नये. मोजणी नकाशा घेऊन पूर्ण संचय पातळीची, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर येते ती, रेषा कोठून जाते, ते पाटबंधारे कार्यालयातून समजून घ्यावे.

जागा त्या रेषेबाहेरची आणि खाजगी निघाली, तरी 11 महिन्यांत चौथरा आणि शौचालयाचा खर्च निघत नाही. कूळकायद्याच्या धास्तीने मालक लांब मुदतीला तयार होत नाहीत, ही अडचण खरी आहे. तरीही किमान पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा मिळत नसेल, तर उचलून नेता येईल एवढेच साहित्य ठेवावे. पाहुण्यांना पाण्यात उतरू देऊ नये. पवनेत बुडून होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या आपण वाचत असालच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा आणि परवान्याशिवाय मद्य देऊ नये. गावाशी बिनसण्याची सुरुवात बहुधा या दोन गोष्टींनीच होते.

प्रश्न : भोरजवळ आमचे दोन कापडी तंबू आहेत. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येते. ते वर्षभर उभे ठेवावेत का? (एक वाचक, सातारा रस्ता)

उत्तर : ठेवू नयेत. मे महिन्याच्या अखेरीस कापड उतरवावे आणि चौथरे व सांगाडे तसेच राहू द्यावेत. कापड साबणाने धुऊ नये, कारण त्याने पाणी रोखणारा लेप निघून जातो; मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने माती काढून ते दोन दिवस उन्हात, शिवणींसह पूर्ण वाळवावे. नंतर ते जमिनीपासून उंच आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावे. घडी घालताना दरवर्षी त्याच रेषेवर दुमडू नये. लेप तेथेच तडकतो आणि पुढच्या वर्षी पहिली गळती त्याच रेषेतून सुरू होते.