घोडीच्या पायाची पावसाळ्यात न भरणारी जखम: मोरचूद लावण्याआधी हे वाचा

दादा, तुम्ही लिहिलंय की पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेल्या) घोडीच्या मागच्या दोन्ही पायांना घोट्याखाली खपल्या आल्यात. डाव्या पायाला पिछाडीचा दोर घासून जखम झाली, ती श्रावणापासून भरत नाही, उलट लाल मांस वर येतंय. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली आणि जाणत्या माणसांनी मोरचूद लावायला सांगितलं. आमच्या घोड्याचा अगदी हाच पाय, हाच महिना होता. म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. घरात वडिलांपासून वरातीचे घोडे आहेत, तेवढ्यावर बोलतोय. औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.

पहिलं म्हणजे खपल्या आणि जखम हे दोन वेगळे आजार धरा. दोन्हींना एकच मलम चोपडू नका.

खपल्या बहुतेक चिखलाच्या असतील. आपली काळी माती पायाला चिकटली की सुटत नाही, खाली कातडी दिवसभर ओली राहते आणि जंतू आत शिरतात. पांढऱ्या पायाची कातडी गुलाबी आणि नाजूक, त्यामुळे तिथं आधी फुटतं. एक मात्र बघा: खपल्या फक्त पांढऱ्या भागावरच असतील, काळ्या भागावर एकही नसेल आणि उन्हात त्रास वाढत असेल, तर यकृताची तपासणी सांगा. यकृत बिघडलं की ऊन सोसत नाही.

वाळलेली खपली नखानं उपटू नका. केस कापून घ्या, कोमट पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पोव्हिडोन आयोडीन टाका, पाय भिजवा, दहा मिनिटं थांबा. जेवढी खपली आपोआप सुटेल तेवढीच काढा. मग सुती कापडानं पाय पूर्ण कोरडा करा, बोटांनी केस फाकवून मुळाशी ओल राहिली नाही ना ते बघा. मलम त्यानंतर. रोज धुवायची गरज नाही, रोज कोरडं ठेवायची आहे. बांधायच्या जागेवर मुरूम टाकून उंचवटा करा. मुताची जागा रोज साफ झाली नाही तर वरचं सगळं वाया जातं.

खपल्या गोल असतील, केस गेलेले आणि राखाडी कोंडा दिसत असेल तर तो नायटा. तो माणसालाही होतो, लेकरांना हात लावू देऊ नका. त्या घोडीचा खरारा, झूल, तंग दुसऱ्या जनावराला वापरू नका. मेडिकलच्या त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे का ते आधी वाचा. असेल तर बंद करा. नायट्यावर स्टिरॉइड लावलं की दोन दिवस बरं वाटतं आणि मग तो पसरतो. रात्री घोडी पाय आपटत असेल, एक पाय दुसऱ्यावर घासत असेल, तर खरजेचे किडे असू शकतात. ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

आता जखमेचं. माझ्या मते ही बरसाती आहे, म्हणजे जंताच्या पिल्लांमुळे न भरणारी जखम. फोटोत कडेला पिवळे ठिपके दिसतात, त्यावरून म्हणतोय, पण खात्री तपासणीनंच होईल. घोड्याच्या जठरात एक बारीक जंत राहतो. त्याची पिल्लं लिदीतून बाहेर पडतात, लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अळीच्या पोटात जातात. पुढं ती माशी जखमेवर, ओठावर, डोळ्याच्या कोपऱ्यात बसली की ती पिल्लं तिथं उतरतात. जखमेत त्यांची वाढ पुरी होत नाही, पण मरेपर्यंत ती तिथं आग लावतात आणि शरीर त्यांच्याभोवती मांस वाढवत जातं. जखम धुऊन कडेनं बोट फिरवा. मऊ लाल मांसात कडक, पिवळसर, बाजरीएवढे दाणे हाताला लागतील. हात लावला की रक्त येतं, आणि खाज इतकी की जनावर स्वतःच चावायला बघतं.

आमच्या घोड्याला हेच झालं होतं, आणि जवळच्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ते कुणीच पाहिलं नाही. गाव, तालुका लिहीत नाही. तिथं आम्हाला पहिलं वाक्य ऐकवलं, "घोड्याचं औषध आमच्याकडं येत नाही, गाई-म्हशींचं येतं." मग मदतनीस बाहेर आला, लांबूनच बघून म्हणाला, "जास्तीचं मांस आहे, जाळावं लागेल," आणि मोरचूद भरून पट्टी बांधली. वडिलांनी दाण्यांबद्दल विचारलं, त्यांना गप्प केलं. तुकडा काढून तपासायला पाठवा म्हटलं, तर त्यासाठी कागद नाही म्हणाले. दर आठवड्याला तेच. वरचं मांस जळायचं, पट्टीखाली पांढरं पडायचं, आणि पुढच्या खेपेला कड आणखी रुंद झालेली असायची, कारण खालचे किडे तसेच होते आणि जाळलेल्या जखमेवर माश्या जास्तच बसत होत्या. केसपेपरवर शेवटपर्यंत एकच शब्द: जखम.

तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई सुरू झाली आणि आमचा घोडा दावणीला उभा. आलेल्या सुपाऱ्या परत केल्या. शेवटी पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला. तिथं आधी तुकडा तपासला, मग इलाज केला. जखम भरली, पण जाळून जाळून कातडीखालपर्यंत इजा झाली होती, तो घोटा कायमचा जाड राहिला. घोडा चालतो, नाचकाम करत नाही. औषध नसणं मी समजू शकतो. पाय उचलून न बघता मोरचूद भरणं मला आजही समजत नाही, आणि त्याचा राग गेलेला नाही.

म्हणून सांगतो, मोरचूद नको, चुना नको, गाडीचं जळकं ऑइल तर अजिबात नको. परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. नेणं जमत नसेल तर १९६२ वर फोन करून फिरता दवाखाना मागवा. डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, "आधी नमुना घ्या." हे म्हणायला संकोच करू नका, कारण हुबेहूब असाच दिसणारा दुसरा आजार आहे, पिथिओसिस. तो साचलेल्या पाण्यात पाय राहिल्यानं होतो. जखमेतून चिकट तार सुटते, आतून खड्यासारखे राखाडी-पिवळे तुकडे निघतात आणि जखम झपाट्यानं वाढते. बरसातीला आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध लागू पडतं, पिथिओसिसला पडत नाही. तिथं वेळेत शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय, आणि गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

आयव्हरमेक्टिन घोड्याला तोंडावाटे, वजन काढून द्यायचं असतं. गाईचं इंजेक्शन टोचून घेऊ नका, सुईच्या जागी सूज येऊन वाईट गळू होतात. आणि कृषी केंद्रातून गोचिडाचं औषध आणाल तर बाटलीवर अमिट्राझ हे नाव आहे का बघा. असेल तर घोड्याच्या अंगाला लावू नका. त्यानं घोड्याचं आतडं थांबतं, पोटशूळ होतो, जनावर दगावू शकतं. गाईला चालतं म्हणून घोड्याला चालेल, ही समजूत सोडा.

लीद रोज उचला, बांधण्यापासून लांब टाका आणि झाका. जखम उघडी ठेवू नका, जाळीच्या कापडानं सैल बांधा. पिछाडीचा नायलॉनचा दोर आजच काढा, सुती घ्या आणि पायाशी येणाऱ्या भागाला जुन्या धोतराची घडी गुंडाळा. तुमच्या घोडीची सगळी कहाणी त्या दोरापासून सुरू झालीय.

एक गोष्ट घाबरवायला नाही, पण बघायलाच हवी. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडीपर्यंत, ओळीनं गाठी आल्या असतील आणि फुटून मधासारखा चिकट स्राव येत असेल, सोबत नाक वाहत असेल, तर घोडी लगेच वेगळी बांधा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो. माणसालाही होतो, जिवावर बेततो, आणि कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात. निदान पक्कं झालं तर जनावर ठेवता येत नाही, म्हणून लोक लपवतात आणि माळेगावच्या यात्रेत नेऊन विकतात. कृपा करून तसं कुणी करू नये. यात्रेतून नवं जनावर आणलं तर तीन आठवडे वेगळं बांधा.

फोटो पुन्हा टाका. सकाळच्या उजेडात, जखम धुतल्यावर, एक मागून आणि एक आतल्या बाजूनं. घोडी जखमेला चावते का आणि शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, तेही लिहा.